धोंड्याचं वाण आणि नालेसफाईची निविदा

आमच्या नगरपरिषदेत स्वच्छ माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! नुसता हुद्द्यानं स्वच्छता निरीक्षक नाही, हातानंही स्वच्छ. नोकरीला लागल्यापासून कुण्या ठेकेदाराचा चहासुद्धा प्यालो नाही. नाल्यावर पाहणीला गेलो तरी माझा थर्मास माझ्या काखेत! ठेकेदार कप पुढं करतो, मी थर्मासचं झाकण उघडतो, आणि दोघंही नाल्याकडं बघत आपापला चहा पितो.

त्यामुळं यंदा नालेसफाईच्या निविदा निघाल्या आणि माझ्या मेहुण्यानं, हरिओमनं, स्वतःच्या जेसीबीच्या जोरावर त्यात उडी घेतली, तेव्हा मी डगमगलो नाही. नियम तोंडपाठ होते! नात्यातलं कुणी निविदेत असेल तर वर लेखी कळवायचं, फायलीला हात लावायचा नाही, आणि त्या माणसाकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून काडीही घ्यायची नाही. मी त्याच दिवशी मुख्याधिकारी अर्पिता मॅडमना लिहून दिलं. मॅडमनी भर बैठकीत सांगितलं, "शिका जरा बन्सीधररावांकडून!" त्या दिवशी मी घरी चालत आलो नाही, तरंगत आलो.

घरी सासऱ्यांचा फोन वाजतच होता. अधिक महिना लागला होता ना! आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे आणि ऐपतीप्रमाणं वाण द्यायचं. बोलावलं नाही तर सासऱ्याची अब्रू जाते, आणि गेला नाही तर जावई वाईट ठरतो.

"जावईबापू," सासरे किशनराव पोखर्णीहून ओरडले, "ऐतवारी या. धोंडे करायलोत."

"मामा, यंदा नको! हरिओमनं आमच्याकडं निविदा भरलीय. मला तुमच्याकडून काही घेता येत नाही. टॉवेलसुद्धा नाही!"

पलीकडून आवाज आला, "बरं बरं. समजलं."

किती समंजस माणूस, मी मनात म्हटलं!

काय समजलं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी हरिओम दारात उभा, हातात लाल मखमली डबी.

"दाजी, अंगठी हाय. मागल्या धोंड्यात थोरल्या दाजीला अंगठी झाली अन् तुमाला टावेल-टोपी. आबा म्हणले, चूक आपलीच हाय."

"अरे, अंगठीचा इथं काय संबंध? नियम आहे!"

"हाय की! नियम तर हायच." त्यानं डोळा मारला.

मी ती डबी त्याच्याच खिशात कोंबली आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. गाडीला किक मारता मारता तो फोनवर सांगत होता, "आबा, अंगठीवर भागंना!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात रुसलेला जावई तोंडानं कधी काही मागत नसतो. तो 'नको' म्हणतो! आणि जेवढ्या मोठ्यानं नको म्हणतो, तेवढं मोठं काहीतरी त्याच्या मनात असतं, हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. आणि मी तर अभिमानाच्या भरात गल्लीला ऐकू जाईल असं नको म्हणालो होतो.

"माझ्या बापाला गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई तुमी!" राजेश्री, म्हणजे आमची बायको, कडाडली.

"अगं, मी प्रामाणिकपणा करतोय!"

"मग जरा हळू करा की! समदं पोखर्णी म्हणायलंय, राजीचा नवरा रुसला."

संध्याकाळी थोरले साडू जीवनराव यांचा फोन. "शाब्बास, साडूभाऊ! ताणून धरा. मी लवकर मानलो, म्हणून अंगठीवर राहिलो!"

आता मात्र माझं डोकं सणकलं. मी सासऱ्यांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं, "मामा, नीट ऐका! तुम्ही दारात बुलेट आणून उभी केलीत तरी मी घेणार नाही!"

फोन ठेवला. राजेश्रीनं कपाळाला हात लावला.

"मागितली एकदाची," ती म्हणाली.

निविदा उघडायचा दिवस उजाडला. मी त्या दालनापासून लांब, माझ्या खोलीत दार लावून बसलो होतो. सगळे ठेकेदार आवारात जमलेले. एवढ्यात हलगी वाजली! खिडकीतून बघतो तर फाटकातून टेम्पो आत येतोय. टेम्पोत झेंडूचे हार घातलेली बुलेट, बुलेटच्या एका अंगाला किशनराव, दुसऱ्या अंगाला धोंड्यांचं पातेलं मांडीत घेऊन सासूबाई कमलबाई, आणि मागं निम्मी भावकी!

मी धावत खाली गेलो. "परत फिरवा! आधी परत फिरवा!"

"बघा, अजून रागातच हायत," सासूबाई पदर डोळ्याला लावत म्हणाल्या. "चुकलं बापू आमचं. थोरल्याला एक अन् तुमाला एक, असं कराय नको होतं."

ठेकेदारांचे मोबाइल वर झाले. ज्यांचा चहा मी आजवर नाकारला होता ते सगळे पहिल्या रांगेत! गोंगाट ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांना बघताच किशनरावांनी फेटा सावरला आणि हात जोडले.

"बाई, तुमी हितल्या मोठ्या. तुमीच समजूत घाला. अंगठी नको म्हणले, म्हणून गाडी आणली. आता आणखी काय पायजे ते इचारा."

"बन्सीधरराव," मॅडम थंडपणे म्हणाल्या, "हे काय?"

"मॅडम, मी नको म्हणालो होतो!"

"लय डाव म्हणले," किशनरावांनी साक्ष दिली. "म्हणून तर आणली."

मॅडमनी तिथंच पंचनामा करायला लावला. गाडी परत, धोंडे परत, आणि निविदा चालू असताना अधिकाऱ्याला भेट देऊ केली म्हणून हरिओमची निविदा बाद! नियमानं ते बरोबरच होतं. पण आत उघडलेल्या पाकिटांत त्याचा दर सगळ्यांत कमी होता, पोरगं मेहनती आहे, आणि ते काम त्याला मिळणार होतं. मला फार वाईट वाटलं. धोंड्यांचं पातेलं तेवढं परत गेलं नाही. ठेकेदारांना कुठला आलाय नियम! वेलदोड्याचा वास सुटला होता, ते बोटं चाटत होते, आणि मी माझ्या थर्मासमधला गार चहा पीत उभा होतो.

गर्दी पांगल्यावर हरिओम माझ्याजवळ आला. पोराचा चेहरा एवढासा झालेला.

"हरिओम, मला माफ कर रे," मी म्हणालो. "माझ्या हातात काही नव्हतं."

"असू द्या, दाजी." तो बुलेटचे हार काढत म्हणाला. "पण गाडी माझी वापरलेली होती, म्हणून एवढा राग?"

मी थर्मासचं झाकण लावलं. पुन्हा 'नको' म्हणायची तर छातीच होत नव्हती.

आता दफ्तरात म्हणतात, बन्सीधर बुलेट घेताना सापडला. पोखर्णीत म्हणतात, जावई बुलेटवरही मानला नाही. आणि सासऱ्यांनी, राजेश्रीकडून कळलं, पुढच्या धोंड्याला चारचाकी द्यायची म्हणून भावकीत आत्ताच भिशी लावली आहे. म्हणजे मला आपण स्वच्छ आहोत हे दाखवायचं असेल तर आता एकच रस्ता उरलाय. तीन वर्षांनी मुकाट्यानं जायचं आणि सगळ्या गावासमोर हसत हसत एक टॉवेल घ्यायचा!