कौतुकाचा फोन

मुख्याध्यापिका एखाद्या शिबिराला जाऊन आल्या, की सगळ्या शाळेच्या डोक्याला ताप होतो. या वेळी त्यांनी फर्मान काढलं, की वर्गशिक्षकांनी प्रत्येकाच्या घरी फोन करून मुलाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची. त्यानं म्हणे मुलं आतून फुलतात.

आठवी ‘ब’च्या बाईंनी भराभर वर्ग फुलवला आणि शाळेनं ‘तोफ’ नाव ठेवलेल्या पोरीपाशी येऊन अडकल्या. या पोरीच्या तावडीतून नळ, फळा, प्रयोगशाळेतला सांगाडा, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. तिचा बाप सलून चालवायचा. गेल्याच खेपेला त्यानं हात जोडले होते, “बाई, आता एक जरी तक्रार आली, तर हिला माझ्या बहिणीकडे धाडतो. ती कडक आहे, सुतासारखी सरळ करेल.” पोरीची घरापासून ताटातूट आपल्यामुळे होणार, या धास्तीनं बाईंनी तेव्हापासून एकही तक्रार केली नव्हती. म्हणून हा फोन त्यांनी मोठ्या उत्साहानं लावला.

“काय मोडलं?” बापानं हॅलोच्या जागी विचारलं.

“काही नाही हो. चांगलं सांगायला फोन केलाय.”

“अरे देवा! कुणाला लागलं का?”

“अहो, तुमची मुलगी दिलदार आहे. डबा वाटून खाते.”

“बाई, मी मन घट्ट केलंय. कुठल्या हॉस्पिटलात आहे, तेवढं सांगा!”

आणि फोन बंद. थोड्याच वेळात बाप वर्गात हजर, हातात वस्तरा तसाच. तो बघून शिपायानं अदबीनं वाट दिली होती. मागोमाग एका गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक, “अहो, मला मुलाखतीला जायचंय!” म्हणत धावत आलं.

तोफेनं बापाला पाहिलं आणि स्वतःहूनच धडाड्धूम सुरू केलं. “टाकीत बेडूक मीच सोडले. मधल्या सुट्टीची घंटा मीच आधी दिली. मोठ्या बाईंच्या खुर्चीचं चाकही मीच काढलं.”

“गप्प बस गं! हे कुणालाच माहीत नव्हतं!” बाई कळवळल्या.

“झालं! चल आत्याकडे,” बाप म्हणाला.

“मुळीच नाही!” बाई आडव्याच आल्या. “मी तक्रार केलेलीच नाही. उलट पोरीनं खरं सांगितलं, हे तिचं आणखी एक कौतुक!”

बाप विरघळला. “बरं. नाही धाडत.”

तोफेनं भोकाड पसरलं. “बाई, कशाला मध्ये पडलात! एकच तक्रार कमी पडत होती!”

“अगं, पण आत्या कडक आहे ना?”

“आहेच! पण ती समोर बसून रागावते. बाबा माझ्याशी आरशातून बोलतात, गिऱ्हाईकाच्या डोक्यावरून. दुकान सोडून येतात ते फक्त तक्रार आली की.”

“पोरगी खोटं नाही बोलत,” गिऱ्हाईक वाळलेला फेस खाजवत म्हणालं. बाप मटकन बाकावर बसला. बाईंना दोघांचीही भयंकर दया आली.

तेव्हापासून दर शनिवारी बाई सलूनमध्ये फोन करतात, “गंभीर तक्रार आहे, ताबडतोब या.” मग बापलेक मैदानाच्या कट्ट्यावर गप्पा ठोकत बसतात.

एका शनिवारी बाई कामाच्या गडबडीत विसरल्या, तर फोन तिकडूनच आला.

“बाई,” बापाचा आवाज अगदी पडेल होता, “आज तक्रार नाही का हो? मी केव्हाचा शटर ओढून बसलोय.”