वीस बाटल्या लाळ

माणसं जमवायची असतील तर मला सांगा! १९९६च्या चैत्रातली गोष्ट. रोह्याला दातांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. पेणहून नम्रता डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, "काळुराम, मला वीस जणांची लाळ हवी."

"वीस? चाळीस आणतो!"

बाईंचा अभ्यास चालला होता. काही जणांचं तोंड वर्षानुवर्षं आतून सुजलेलं, सोललेलं राहतं. लोखंडाला गंज चढतो तसंच काहीसं तिथे आतल्या आत चालतं का, आणि त्याची खूण लाळेत सापडते का, हे त्यांना पाहायचं होतं. दहा दुखरी तोंडं, दहा धडधाकट. बाटल्या बर्फात घालून अकराच्या एसटीनं मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायच्या.

ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता वीसच्या वीस जण उपाशीपोटी बाकांवर हजर! धडधाकटांत हौसामावशी, नदीवरचा पूल ओलांडून अष्टमी गावाहून आलेली. तिच्या शेजारी सगुणा, पेणकडच्या मिठागरात राबणारी. आठ वर्षं तिच्या तोंडाची आग होत होती. मिरची सोडाच, कोमट चहासुद्धा झोंबायचा.

"मान खाली, तोंड उघडं. लाळ आपोआप बाटलीत पडू द्या," असं सांगून बाई आत बर्फ फोडायला गेल्या.

पंधरा मिनिटं झाली, थेंब नाही! घाबरून सगळ्यांची तोंडं एसटी स्टँडच्या नळासारखी कोरडी. शेवटी मीच सुरू केलं, "काय मावशी, यंदा कैऱ्या कशा हायत?"

"आंबट ढाण!"

"तीच कैरी चिरायची, मीठ लावायचं. तव्यावर सुकट भाजायची, खमंग! वर लसूण, लाल मिरची..."

अहो, कालव्याचं दार उघडावं तशी धार लागली! पाच मिनिटांत वीस बाटल्या काठोकाठ!

बाई धावत आल्या. "अरे वा! केलंस तरी काय?"

मी छाती काढून सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. "अरे, आपोआप आलेली हवी होती! तोंडाला पाणी सुटलं की लाळ पातळ होते. सगळं फुकट!"

नशीब, आणखी वीस बाटल्या होत्या. सगळ्यांनी चुळा भरल्या, अर्धा तास गप्प बसले. पुन्हा सुरू करणार तेवढ्यात मी बजावलं, "आता कैरी कोणी आठवायची नाय हां!"

एकदम वीस घशांतून 'गुटुक्' आवाज आला!

"बाहेर!" बाई ओरडल्या.

पायरीवर बसतोय तोच समोरून कोळीण आली. "बोंबीऽऽल! ताजे बोंबीऽऽल!"

मी अनवाणी धावलो. "गप गो! आत लाळ चाललीय!"

"डोक्यावर पडलायस काय रं?" म्हणत ती टोपलीसकट पळाली.

अकराला पाच मिनिटं असताना आतून आरोळी आली, "झालं!" बर्फातल्या बाटल्यांचा डबा उचलून मी स्टँडवर धूम ठोकली. एसटी हलली होती! आधी डबा, पाठोपाठ बाई, दोघांना आत ढकललं!

परत आलो तर हौसामावशीनं बाजारातून आणून खरोखरच कैऱ्या चिरल्या होत्या. सगळे तुटून पडलेले. सगुणा तेवढी कोपऱ्यात नुसती बघत बसलेली. मी तिच्याजवळ गेलो. तिच्या आगीवर औषध कधी मिळणार, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"चुकलं गो माझं. मी उगाच ते सुकटीचं..."

"चुकलं कसलं? आठ वर्षांत पयल्यांदा सुकट खाल्ल्यासारखं वाटलं. परत सांग की!"

मी समोर बसकण मारली, घसा साफ केला, रंगात आलो. "तव्यावर सुकट भाजायची, वर लसूण, लाल मिरची..."

सगुणानं तोंडावर हात दाबला. "मेल्या, जरा तिखट कमी घालून सांग! झोंबतंय!"