फणसाने धरलेला कोयता

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या फणसाने जनूअण्णांना कळवलं, की निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत आपल्याला काहीच धरलेलं दिसत नाही, सबब आज दिवेलागणीला आपल्यावर कोयता धरण्यात येईल.

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. पद्धत त्यांना ठाऊक होती. कोकणात कोणाला नाही? झाड फळत नसलं की एकाने कोयता उगारून म्हणायचं, "तोडतो आता याला." घरातल्या दुसऱ्याने मध्ये पडायचं, "राहू दे, पुढच्या वर्षी धरेल." म्हणजे झाड घाबरतं आणि फळतं. अण्णा नऊ वर्षं फणसावर कोयता धरत होते आणि त्यांची बायको शालनकाकी मध्ये पडत होती. वर्षाकाठी अण्णांचं काम म्हणाल तर तेवढंच. फणस काही घाबरला नाही, पद्धत मात्र शिकला.

"आणि मध्ये कोणी पडलंच नाही तर?" अण्णांनी विचारलं.

"तर तोडावं लागतं," फणस म्हणाला. "नियम तुमचाच आहे. मला हौस नाही."

अण्णा तडक स्वयंपाकघरात गेले. "शालन, संध्याकाळी मध्ये पडशील ना?"

काकी कैरी किसत होत्या. "बघते," त्या म्हणाल्या. "मोगऱ्याची सुकी काटकं काढा म्हणून शिमग्याआधीपासून सांगतेय, तेव्हा तुम्हीपण 'बघतो'च म्हणालात."

मग ज्याला वाडीने आरतीखेरीज कधी उभं पाहिलं नव्हतं, तो माणूस परसात धावू लागला. मोगरा अर्धा छाटून माडाकडे, माडाचं आळं अर्धं खणून सुरणाकडे, तिथून कारल्याच्या मांडवाला काठ्या आणायला. मध्येच परत मोगरा. दर थोड्या वेळाने ते सूर्याकडे बघत. तोही मेला नेमका आजच घाईत.

शेजारचा बाबी गुरव गडग्यावरून वाकला. "काय अण्णा, घरात लग्न काढलंय की काय?"

"फणस कोयता धरणार आहे."

"असं होय." बाबीने जरा विचार केला. "मग आमची कुदळ तेवढी उजेड आहे तोवर द्या. नंतर मागायची कोणाकडे?"

दिवेलागणीला फणसाने फांदी लांब करून पडवीतल्या खुंटीवरचा कोयता घेतला. "तोडतो आता यांना," तो म्हणाला आणि रीतीप्रमाणे थांबला.

काकी हात पुसत बाहेर आल्या. परसभर फिरल्या.

"मांडव वाकडा आहे."

"हो," अण्णा म्हणाले.

"आळी उथळ आहेत."

"हो."

कोयता थोडा वर गेला. काकींनी मोगऱ्यावरून हात फिरवला. तो मात्र पुरता छाटला होता.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी धरतील."

"काकी, माझ्याबद्दलही दरवर्षी हेच म्हणत होतात."

"तेव्हा तरी कुठे खात्री होती?"

फणसाला ते पटलं. त्याने कोयता खुंटीला लावला.

पुढची रीत काकींनी पाळली. अण्णांच्या पायांभोवती आळं केलं, दोन घमेली शेणखत टाकलं, वर दोन बादल्या पाणी. दिवसभर धावलेले अण्णा सवयीने पाऊल उचलू गेले.

"हलू नका. मुरू दे."

अण्णांनी पायाची बोटं मातीत रुतवून पाहिली. जमत होतं.