बोगद्यात सव्वीस प्रवासी

"बरोबर चार वाजता! एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही!" चष्मेवाल्यांनी फोनवर साडूंना ठणकावून सांगितलं. "तुमच्या गाड्यांसारखी उशिरा सुटली, तर मी उभ्या जन्मात रुळाला हात लावणार नाही!"

साडू तीस वर्षं खऱ्या रेल्वेत इंजिन चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. चष्मेवाल्यांनी घराच्या तळघरात छोटी रेल्वे उभारायला घेतली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "करा, करा. मुलं खेळतील." घरात मूल एकही नव्हतं! तो शब्द चष्मेवाल्यांच्या काळजात जो रुतला तो रुतलाच.

चष्म्याच्या दांडीतले मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू बसवण्यात ज्याची हयात गेली, त्याला काय अशक्य? सात महिने दुकान बंद झालं की स्वारी थेट तळघरात. दोन रूळमार्ग, तीन सिग्नल, एक स्टेशन, बाकावर पेपर वाचत बसलेला नखाएवढा म्हातारा. त्याला चष्मासुद्धा लावलेला! आणि कोपऱ्यात, दोन भिंतींना घट्ट बिलगून, रद्दीचा लगदा आणि प्लास्टर यांचा भलामोठा डोंगर. डोंगराच्या पोटातून बोगदा.

डोंगर चढत होता तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, तिथे भिंतीवर पाण्याचा मेन व्हॉल्व्ह आहे."

"असेना! वीस वर्षांत कितीदा बंद केलाय तो?"

"एकदाही नाही."

"मग!"

या 'मग'पुढे बायकोचं काही चालेना. व्हॉल्व्ह डोंगराच्या पोटात गडप झाला.

उद्घाटनाच्या दिवशी तीन वाजताच सगळं सज्ज होतं. गाडी बॅटरीवरची, तिला घड्याळ जोडलेलं. चार वाजले की आपोआप सुटणार! चष्मेवाल्यांना आनंदाने धड बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. तेवढ्यात त्यांना दिसलं, मागच्या भिंतीवर लावलेल्या आभाळाच्या पडद्याचा एक कोपरा लोंबतोय. साडूंच्या नजरेतून हे सुटणं शक्य नाही! त्यांनी खिळा घेतला, हातोडी घेतली आणि एकच दणका दिला.

आभाळातून पाणी आलं!

धार बारीक, पण नेम असा की थेट चष्मेवाल्यांच्या चष्म्यावर. भिंतीतला पाइप नेमका तिथूनच गेला होता. त्यांनी एका हाताचा अंगठा भोकावर दाबला आणि दुसऱ्या हाताने प्लंबरला फोन लावला.

"हॅलो! लवकर या! बोगद्याच्या वर पाणी फुटलंय! खाली गाडी उभी आहे!"

प्लंबर कुठल्याशा कामावर होता. त्याच्या शेजारी कुणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं. तो ओरडला, "गाडी? आत माणसं आहेत?"

आपल्या रेल्वेबद्दल कुणी विचारलं की चष्मेवाल्यांना तपशील दिल्याशिवाय राहवत नसे. "सव्वीस! पण त्यांचं सोडा, ती जागची हलू शकत नाहीत!"

"बापरे! आणि स्टेशनवर कुणी नाही का?"

"स्टेशनमास्तर आहे, पण त्याचं डोकं कालच निखळलं! तुम्ही आधी डोंगराखालचा व्हॉल्व्ह बघा!"

फोन बंद. पुढच्याच मिनिटाला प्लंबरने अग्निशमन दलाला कळवलं की चष्मेवाल्यांच्या घरापाशी रेल्वेचा बोगदा फुटलाय, सव्वीस जण अडकलेत आणि स्टेशनमास्तरचं डोकं उडालंय! त्या भागात मुळात रेल्वेच नाही, हे घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

घंटा घणघणवत दोन बंब आले. शिड्या, दोरखंड, स्ट्रेचर आणि कुऱ्हाडी घेतलेले आठ धिप्पाड जवान! बायकोने दार उघडलं.

"बाई, बोगदा कुठे आहे?" जवानांच्या साहेबांनी विचारलं.

"खाली," बायको म्हणाली. "बूट पुसून जा."

जवान धडाधड जिना उतरले आणि थबकले. साहेबांनी डोंगर पाहिला. गाडी पाहिली. भिंतीला अंगठा लावून भिजलेल्या मांजरासारखे उभे असलेले चष्मेवाले पाहिले.

"सव्वीस?" साहेबांनी विचारलं.

"मोजून घ्या!" चष्मेवाले अभिमानाने म्हणाले.

मागून धापा टाकत आलेल्या प्लंबरने हे दृश्य पाहिलं आणि तो शिडीच्या मागे लपायला गेला. शिडीच्या मागे काय लपतंय! पण तेवढ्यात अंगठा थकला, धार सुटली आणि साहेब आपादमस्तक न्हाले.

"फोडा तो डोंगर!" साहेब गरजले. कुऱ्हाड वर गेली. चष्मेवाले पाणीबिणी विसरून डोंगरापुढे हात पसरून उभे राहिले.

"आधी माझ्यावर घाव घाला!"

"घाला हो," जिन्यावरून बायको म्हणाली. "डोंगराचं नंतर बघू."

मिशीतून पाणी निथळत असताना साहेबांची नजर स्टेशनच्या बाकावर गेली. ते वाकले. आणखी वाकले.

"यानं चष्मा लावलाय?"

"वाचायचा," चष्मेवाले हळूच म्हणाले. "लांबचं त्याला चांगलं दिसतं."

साहेबांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ झाला. "कुऱ्हाड खाली घे रे!" ते म्हणाले, आणि चक्क पालथे पडून त्यांनी बोगद्यात खांद्यापर्यंत हात घातला. "लागली! व्हॉल्व्हची चक्री लागली हाताला! फिरतेय... फिरतेय..."

धार वाकली, बारीक झाली, ठिबकू लागली. सगळे त्या थेंबांकडे वाकून बघू लागले. जिन्यात साडू येऊन उभे राहिले होते. त्यांनाही कुणी 'या' म्हटलं नाही.

आणि चार वाजले!

सिग्नल हिरवा झाला, शिट्टी वाजली, आणि गाडी ऐटीत बोगद्यात शिरून साहेबांच्या कोपरावर आदळली.

"आई गं!"

साहेबांनी हात बाहेर ओढला. मुठीत तुटलेली चक्री! त्यांच्या पाठोपाठ गाडीही सगळे प्रवासी घेऊन दुसऱ्या तोंडाने बाहेर आली. भिंतीतलं पाणी साफ थांबलं होतं. आठ जवानांनी अशा टाळ्या पिटल्या की आभाळाचा उरलेला कोपराही खाली आला!

साडूंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "वेळेवर सुटली," ते पुटपुटले. जणू दाढ उपटून घेत होते.

"परत एकदा सोडा!" साहेब कोपर चोळत म्हणाले. गाडी अकरा वेळा सुटली. शेवटच्या पाच फेऱ्या साडूंनी चालवल्या आणि कुणालाही हात लावू दिला नाही.

प्लंबरने पाइप सांधला आणि मग चाचरत म्हणाला, "आता घरातलं पाणी सुरू करायला व्हॉल्व्ह उघडावा लागेल. चक्री तर तुटली. पक्कड लावायची म्हणजे डोंगर..."

"खबरदार!" चष्मेवाले कडाडले. "कुऱ्हाडीपुढे नाही हटलो, पकडीपुढे हटेन?"

ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हटले नाहीत. तोवर शेजाऱ्यांच्या दारात ते रिकामी बादली घेऊन सात वेळा उभे राहिले होते, आणि सातव्या वेळी शेजाऱ्यांनी दार उघडायला बराच वेळ लावला होता. घरी येऊन त्यांनी मुकाट्याने हातोडी घेतली, डोळे मिटले आणि डोंगरावर एक घाव घातला. उभा करायला सात महिने लागले होते. पाडायला तेवढा एक पुरला.

प्लंबर पाणी सुरू करून गेला. चष्मेवाले ढिगाऱ्यापाशी गुडघ्यांत मान घालून बसले होते. बायको खाली आली. कोपऱ्यातल्या त्या भगदाडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"इथे तळं छान दिसेल, नाही?"

"पाण्याचं नाव काढू नकोस!" चष्मेवाले ताडकन उठले. "या तळघरात आता पाण्याचा थेंबसुद्धा येणार नाही, सांगून ठेवतो!"

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून त्यांनी फोन उचलला आणि आवाज अगदी खाली आणला.

"हॅलो, प्लंबर का? एक छोटासा पंप हवा होता. तळ्यासाठी. आणि हे बघा, आमच्या घरी मात्र कळता कामा नये."

"अहो, पंप तर बाईंनी दुपारीच सांगून ठेवलाय," प्लंबर म्हणाला. "होडी कुठे मिळेल, तेही विचारत होत्या."