कानामागचा हिरवा

बापाचं तोंड हिरवं करणारा पोरगा द्वारकाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता, आणि निघाला तो त्यांच्याच पोटचा. आज सांडूरावांचं वर्षश्राद्ध. घरात त्यांचा एक धड फोटो नाही, म्हणून बद्रीनाथनं शहागंजातल्या आपल्या छपाईच्या दुकानात बापाचा चेहरा एका पुसट फोटोवरून छापायच्या जाळीवर उतरवून चार मोठी चित्रं छापून आणली. मिशी काळी, टोपी गुलाबी आणि तोंड कच्च्या कैरीसारखं.

"माय, आजकाल अशीच छापतात."

"आजकालच्यांचे बाप पोपट असतील! माणसं जेवायला यायलीत. हार घालू कुणाला, ह्याला?"

बद्रीनाथ पत्रावळी आणायला गेला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. बाईंनी बाटलीच्या तळचं रॉकेल फडक्यावर घेतलं आणि नवऱ्याचं तोंड पुसायला बसल्या. पहिल्या चित्रात हिरव्यासोबत नाक गेलं. दुसऱ्यात हात हलका ठेवला, तर मिशी गालभर पसरली. तिसऱ्यात डोळेच गेले.

बाईंनी दुकानातल्या भागीदाराला, हैदरला, फोन लावला. "अजून चार छाप. तोंड माणसाच्या रंगाचं कर."

"अब कैसे, काकू? जाळी सकाळीच धुतली. तिच्यावर छावणीतल्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका चढली."

"म्हंजी ह्यांचं तोंड?"

"गेलं ना, काकू."

उरलं एकच. बाईंनी जपून फडकं उचललं. हात सवयीनं कानामागं गेला आणि थांबला. तिथं पुसायला काहीच नव्हतं. कोरा कागद.

सांडूराव वाळूजच्या कारखान्यात पंपांना हिरवा रंग मारायचे. रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर बसवून, रॉकेलनं तोंड घासल्याशिवाय बाई त्यांना घरात घेत नसत. "हलू नका, कानामागं ऱ्हायलंय," म्हणून वर डाफरत. ते डोळे मिटून गप बसायचे. कानामागचा तो रंग शेवटच्या आंघोळीतही निघाला नव्हता.

बद्रीनाथ पत्रावळी घेऊन दारात उभा राहिला. त्यानं तीन पुसलेले बाप पाहिले. पत्रावळी खाली ठेवल्या.

"मला बाबा असेच आठवतात, माय. तू पुसायच्या आधीचे."

बाईंनी चौथ्या चित्राला हार घातला. मग फडकं पोराच्या अंगावर फेकलं.

"कारागीर म्हनवतोस, आन् काम अर्धंच केलंस. कानामागं रंगच नाय. तितं लाव थोडा. आन् हे फडकं लपवून ठीव. मी मागितलं तरी देऊ नगंस."