द्वारकाबाईंचं अर्धं पाकीट

द्वारकाबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट कात्रीनं मधोमध कापलं, आणि अख्ख्या धायरीला औषधं देणारं शहेजादचं दुकान बंद पडलं.

कापण्यात नवं काही नव्हतं. त्या आणि शेजारच्या अमिनाबी गेली अकरा वर्षं दहा गोळ्यांचं एकच पाकीट आणत. पाच इकडे, पाच तिकडे. चहा आणि गोळी एकटीनं घेऊ नये, असं द्वारकाबाईंचं मत होतं. पूर्वी कंपाउंडर लाल औषधाच्या बाटलीला डोसांची कागदी पट्टी चिकटवून द्यायचा, तेव्हाही एक बाटली दोन घरांत फिरायची.

नवं होतं ते त्यांच्या नातीनं, ऋतुजानं, शहेजादकडे चाचणीसाठी बसवलेलं ब्लॉकचेन.

"आजी, कारखान्यापासून पेशंटपर्यंत पाकीट कुणाकडून कुणाकडे गेलं, सगळं नोंदलं जातं. बनावट माल लगेच सापडतो. घरी आणलं की कोड फोनवर स्कॅन करायचा. आणि एकदा नोंद झाली की कुणालाच पुसता येत नाही. कॉपी सगळ्यांकडे!"

"म्हंजी आपल्या धायरीवानीच की!"

तर द्वारकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी कोड स्कॅन केला, मग पाकीट कापलं. कोडचं काम संपलं म्हणून तो अर्धा भाग अमिनाबींना दिला. त्यांनीही फोन धरला. पडदा लालभडक झाला. 'हे पाकीट द्वारकाबाईंकडे आहे. बनावट असण्याची शक्यता.'

"द्वारके, मला चोर म्हणतोय मुडदा!"

"थांब, मी सांगते त्याला." त्यांनी पुन्हा स्कॅन केला. लाल. "आता तू कर." लाल. दोघी हट्टाला पेटल्या. नऊ वेळा झालं.

तेवढ्यात शहेजाद धापा टाकत आला. "आजी, दुकानातला कॉम्प्युटर लॉक झालाय! एक गोळी विकता येईना, बाहेर ही रांग!"

मागोमाग हडपसरच्या ऑफिसातून ऋतुजाचा फोन. "आजी, सिस्टीमच्या मते तू बनावट औषधांची होलसेलर आहेस!"

"मग पूस की."

"पुसता येत नाही, तेच तर फीचर आहे! आमच्या कंपनीचे रविराज सर निघालेत तिकडे. त्यांनी क्लिअर केलं नाही, तर चौकशी होईपर्यंत महिनाभर दुकान बंद."

शहेजादला द्वारकाबाईंनी चड्डीत असल्यापासून पाहिलं होतं. त्या अमिनाबींचा हात धरून तडक दुकानात गेल्या.

सिंहगड रोडची गर्दी तुडवत रविराज सर आले ते घामाघूम. "एका पाकिटाचे नऊ व्यवहार! शहेजाद, कोण आहेत तुमचे साथीदार?"

"आमी दोघी," द्वारकाबाई पुढे झाल्या. "त्याचा काय दोष न्हाई. पाकीट आमी कापलं."

"औषधाचं पाकीट कुणी कापतं का?" सर कडाडले, आणि डोकं धरून खुर्चीत बसले. "पाणी... पाणी द्या जरा." त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

पाकीट अर्धं होतं. कडेला कात्रीच्या खुणा.

रांगेतल्या माना पुढे आल्या.

"कोड कुठंय, साहेब?" अमिनाबींनी गोड आवाजात विचारलं.

सरांनी पाकीट मुठीत झाकलं. "सासऱ्यांकडच्या अर्ध्यात."

"घ्या, सावकाश घ्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "अन् दुकानाचं कुलूप तेवढं काढा. रांगेत चाळीस माणसं हाईत, साहेब. समद्यांकडं कॉपी गेली."