जुगाराच्या तारवावर खरें लिहिणाऱ्या म्हाळाजीपंतांची हकीकत

श्रीहरि समर्थ. श्रोते सज्जनहो, जवळ सरकून बसावें, हातचे टाळ घटकाभर खालीं ठेवावे. एका सरळ माणसाची कथा सांगतों, ती चित्त देऊन ऐकावी. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, नदीकांठच्या एका राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें कीं, पात्रांत जुगाराचीं तारवें नांगरून होतीं, त्यांच्या करावर राज्याचे पूल आणि हुजुरांचे सत्कार चालत, आणि प्रजेनें बोंब केली कीं सरकारचाकर कचेरी सोडून तारवांवर बसतात, दाखल्यास जावें तों खुर्चीवर नुसता कोट. मग हुजूर संतप्त होऊन आज्ञा सुटली कीं, कोणाही सरकारचाकरानें तारवावर पाऊल ठेवूं नये, ठेवील तो चाकरीवरून दूर होईल. मात्र सरकारकामास जाणारांस मना नाहीं. आणि त्या दिवसापासून थोर अधिकाऱ्यांस तारवांवर सरकारकाम बहुत निघों लागलें.

ही आज्ञा स्वच्छ अक्षरांत उतरविली ती मुलकी कचेरीचे लेखनिक म्हाळाजीपंत केरकर यांनीं. एकतीस वर्षांची चाकरी, सोमवारचें कीर्तन कधीं चुकविलें नाहीं, हरिदासांच्या मागें झांज घेऊन उभे राहत, आणि आख्यानांतला राजा वनवासास निघाला म्हणजे पंतांच्या डोळ्यांस धारा लागत, मग हरिदास मागें वळून म्हणत, "पंत, राजा येईल हो परत, तुम्ही ताल सोडूं नका." त्यांचा धाकटा भाऊ जिवाजी सरकारी शाळेंत मास्तर, आणि त्यास तारवाचा नाद. एके दुपारीं जिवाजीची बायको सुभद्रा कचेरीच्या पायरीशीं येऊन म्हणाली, "भाऊजी, शाळेंतून परस्पर तिकडेच गेलेत. आज तपासणीवाले येतात म्हणे. चाकरी गेली तर पोरींना घेऊन मी कुठें जाऊं?" मग पंतांनीं अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली, आणि होडींत बसले, आणि तारवाच्या दारीं पोहोंचले. तेथें वही होती. नांव, धंदा आणि येण्याचें कारण लिहावें लागे. पाहतात तों अवघे नारळाचे व्यापारी, राज्यांत माड नाहींत तितके. त्यांत खजिन्याच्या कारकुनाचें अक्षर पंतांनीं ओळखलें, आणि खालीं भावाचेंही. दारवान म्हणाला, "काका, नारळ लिहा आणि चला आंत. सगळे तेंच लिहितात." पण ज्यानें जन्मांत वहींत खोटें उतरविलें नाहीं त्याचा हात कैसा वळावा, त्यांनीं लिहिलें, म्हाळाजी केरकर, लेखनिक, मुलकी कचेरी, घरचें माणूस न्यावयास, आणि संवयीनें तारीख, वेळ घालून सही केली.

आंत जिवाजी पत्त्यांच्या मेजाशीं बसला होता, म्हणाला, "दादा, एवढा एकच डाव." पंत थांबले, आणि दुसरा जाहला, आणि तिसरा, मग त्यांनीं दंड धरून, लहानपणीं शाळेंत नेत तैसें, त्यास घरीं आणिलें. सायंकाळीं तपासणीस आले, वही चाळिली, तींत तीनशें व्यापारी आणि एक सरकारचाकर निघाला. चौकशीस अधिकारी बसले आणि म्हणाले, "खेळलां नाहींत, हें मान्य. पण नियम पाऊल ठेवण्याचा आहे, आणि तो तुम्हींच लिहिलाय. कोणास न्यावयास गेलां तें सांगा, म्हणजे कांहीं पाहतां येईल." पंतांनीं ओसरीकडे पाहिलें. तेथें जिवाजी उभा होता, आणि तो आपण होऊन बोलेल ऐसें त्यांस क्षणभर वाटलें. जिवाजी चपलेचा अंगठा पाहत राहिला. पंत म्हणाले, "घरचें माणूस. याउपर सांगणें नाहीं." मग शिक्का पडला, चाकरी गेली, म्हातारपणाचें वेतन गेलें, आणि हुजुरांनीं सभेंत सांगितलें कीं अवघ्या राज्यांत एकच गुन्हेगार सांपडला, सबब नियम फळास आला, आणि टाळ्या जाहल्या.

जिवाजीनें घरीं येऊन पायांवर डोकें ठेविलें, रडला, कुलदेवाची शपथ वाहिली, आणि पंतांनीं त्यास पोटाशीं धरिलें. पांचव्या दिवशीं तो पुन्हा गेला, आणि धंदा सुपारीचा लिहिला, कारण नारळावर आतां नजर होती. पुढें पंत रोज दुपारीं धक्क्यावर बसून राहत. त्यांस तारवावर जावयास आतां कोणाची मनाई उरली नव्हती; पण दादास लांबून पाहतांच भाऊ दुसऱ्या घाटानें होडींत बसे.

येणेंप्रमाणें तारवें राहिलीं, नियम राहिला, सरळ माणूस तेवढा बुडाला. देवानें ह्यांत काय योजिलें तें कळत नाहीं. तरी श्रोतेहो, आरतीनंतर हात जोडाल तेव्हां म्हाळाजीपंतांस स्मरावें, आणि मन धजलें तर जिवाजीसही. कारण पंत शेवटपर्यंत त्याच्यासाठींच हात जोडीत होते.